पाणचट सरबत

"थोरल्याच्या हातचं जिऱ्याचं सरबत म्हणजे काय विचारूच नका," असं आई म्हणाली, तेव्हा ती धाकट्याच्या घरात, धाकट्याच्या पंख्याखाली बसून, धाकट्यानेच आणून दिलेलं गार पाणी पीत होती. त्यातही ती हे धाकट्याला सांगत नव्हती. मीटर बघायला आलेल्या माणसाला सांगत होती. मीटरवाल्याने "असं का?" म्हटलं आणि आकडा लिहून घेतला.

धाकटा पन्नाशीला टेकला होता. डोक्यावरचे केस गेले होते, चष्म्यात वरचा नंबर वेगळा आणि खालचा वेगळा झाला होता, जिना चढताना गुडघे स्वतंत्रपणे मत मांडू लागले होते. तरी घराण्यात तो धाकटाच. धाकटेपण ही अशी नोकरी आहे की तिच्यात बढती नाही आणि निवृत्तीही नाही. त्याची दुसरी नोकरी पाणीपुरवठा खात्यात होती, आवक-जावक टेबलावर. येणाऱ्या कागदावर 'आवक' असा शिक्का मारायचा, जाणाऱ्यावर 'जावक'. येणाऱ्या कागदांच्या मानाने जाणारे फारच कमी असत, पण त्याबद्दल त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं आणि त्यानेही आपणहून विषय काढला नव्हता.

आई राहायची थोरल्याकडे. उन्हाळ्यात थोरला बायकोमुलांना घेऊन थंड हवेच्या ठिकाणी गेला की तेवढे दिवस ती धाकट्याकडे यायची. "आईला थंड हवा सोसत नाही," असं थोरला म्हणायचा. गरम हवा सोसते की नाही हे कुणी तपासलं नव्हतं. आणि आली की आई थोरल्याचं कौतुक करायची. थोरल्याची लिफ्ट, थोरल्याचा सोफा, थोरल्याच्या गाडीचा हॉर्न. त्या हॉर्नचा सूर किती गोड आहे यावर तिने एकदा अख्खी दुपार घालवली होती. धाकट्याचं म्हणणं फार नव्हतं. आईने आपल्या एखाद्या गोष्टीला एकदा, फक्त एकदा, 'छान' म्हणावं. मोठी गोष्ट नको. खिडकीचा पडदासुद्धा चालला असता.

म्हणून मीटरवाला गेल्यावर तो उठला आणि म्हणाला, "सरबतच ना? मी करतो."

"अहो, तुम्हाला जिरं कोणतं आणि ओवा कोणता हे तरी कळतं का?" बायकोने विचारलं.

"वासावरून कळेल," तो म्हणाला आणि तिसऱ्या डब्यात त्याला ते कळलंही.

त्याने जिरं भाजलं, कुटलं, लिंबू पिळलं, पुदिना वाटला, साखर घातली, काळं मीठ घातलं. काळं मीठ म्हणजे पादेलोण. हे नाव ज्याने ठेवलं त्याला नाक होतं आणि भीड नव्हती. बर्फ घालून पेला त्याने आईच्या हातात दिला आणि समोर उभा राहिला, निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसा.

आईने घोट घेतला. छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाणचट आहे रे."

धाकट्याने जिरं दुप्पट केलं.

"पाणचटच आहे."

त्याने आलं किसून घातलं, मिरे कुटून घातले, काळ्या मिठाचा चमचा सपाट होता तो शिगोशीग केला. आई ते सगळं शांतपणे प्यायली. "आता गार आहे छान," ती म्हणाली. धाकट्याचा चेहरा उजळला. "बर्फ घातलायस ना, म्हणून," ती म्हणाली. म्हणजे 'छान' मिळालं ते फ्रीजला.

आता हे प्रकरण तिथंच थांबलं असतं. पण धाकट्याने दार उघडं ठेवून जिरं कुटलं होतं, आणि समोरच्या दारात कंपाउंडर काका राहत होते. काकांनी उभी हयात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात लाल आणि पिवळी औषधं बाटल्यांत भरण्यात घालवली होती. डॉक्टर होते तोवर ते स्वतःला अर्धे डॉक्टर समजायचे. डॉक्टर वारल्यापासून उरलेला अर्धाही त्यांनी स्वतःकडेच घेतला होता.

"जिरं कच्चं राहिलंय," काका दारातूनच म्हणाले.

"चाखून बघता का?"

"चाखायचं कशाला? आवाजावरून सांगतो. कच्चं जिरं खलबत्त्यात कुरकुर करतं. भाजलेलं गप्प बसतं."

धाकट्याने जिरं गप्प बसेपर्यंत भाजलं. त्या धुराने बायको खोकली, भिंतीवरची पाल खोकल्यासारखी झाली. आई तेवढी हॉलमध्ये बसून निवांत कापसाच्या वाती वळत राहिली. नव्या पेल्याचा पहिला घोट त्याने बायकोला दिला. ती तो घेऊन थेट बेसिनपाशी गेली.

"कसं झालंय?"

तिने हाताने थांबा म्हणून खूण केली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "कानातून काहीतरी निघून गेलं."

उरलेला पेला आईने संपवला. ओठ पुसले. "मघापेक्षा बरंय," ती म्हणाली, "पण पाणचट." त्या दिवसापासून बायको सासूशी जरा जपून बोलू लागली.

जिन्यात सेक्रेटरी भेटले. सोसायटीचे सेक्रेटरी प्रत्येक विषयात सोसायटीच्या बाजूने बोलत, सोसायटीचा त्यात संबंध असो वा नसो. "सरबत जमत नाहीये म्हणे तुमचं? दोष पाण्यात आहे."

"टाकी कधी धुतली होती?" धाकट्याने विचारलं.

"टाकीत नाही. टाकीत येणाऱ्या पाण्यात. म्हणजे पर्यायाने तुमच्या खात्यात. तक्रार लेखी द्या की. तुमच्याच टेबलावर येईल."

धाकटा वर आला. आपल्याच खात्याविरुद्धची आपलीच तक्रार आपणच शिक्का मारून ठेवून द्यायची, आणि ती पुढे सरकणार नाही याची खात्रीही आपल्यालाच, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर इतकं स्पष्ट उभं राहिलं की त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

एव्हाना थोरला परत येण्याची वेळ जवळ आली होती. एकदा तो आला, खालून हॉर्न वाजवला, की आई गेली. म्हणजे 'छान' पुढच्या उन्हाळ्यावर. आणि आईचं वय पाहता किती उन्हाळ्यांवर भरवसा ठेवायचा, हा हिशेब धाकटा करत नसला तरी हिशेब आपला आपण होत होता. सुट्टीच्या दिवशी सकाळीच तो कंपाउंडर काकांना शरण गेला.

काकांनी डोळे मिटले. "पादेलोण कच्चं घालता ना? तिथंच तर चुकतंय. ते तव्यावर भाजायचं. मंद आचेवर. आणि खिडकी बंद. नाहीतर गुण बाहेर जातो."

"किती भाजायचं?"

"आहे तेवढं. औषध थोडं करून भागत नाही."

धाकट्याने पुडाच्या पुडा तव्यावर ओतला, गॅस बारीक केला, खिडकी लावली आणि गुण आत कोंडून तो बाल्कनीत पुदिना खुडायला गेला. आता काळं मीठ नुसतं असलं तरी वास मारतं. तापवलं तर काय होतं हे ज्याला बघायचं असेल त्याने जरूर बघावं, पण एकट्या घरात. धाकट्याच्या स्वयंपाकघराची जाळी इमारतीच्या मधल्या बोळकांडीत उघडत होती आणि सगळ्या मजल्यांच्या न्हाणीघरांच्या जाळ्याही त्याच बोळकांडीत. गुण बाहेर गेला तो तिथून.

सगळ्यात आधी तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "गॅस! गॅस लीक होतोय!"

आणि इथं धाकट्याच्या आयुष्यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट घडली. तो शूरासारखा वागला. इतके दिवस सरबत करून करून त्याचं नाक त्या वासाला सरावलं होतं, त्यामुळे आपल्याच तव्याचा संशय त्याला शिवला नाही. लोक म्हणतायत म्हणजे गॅसच. त्याने पुदिना टाकला, जिन्याने धावत प्रत्येक दार बडवलं, "बाहेर पडा! दिवे लावू नका! घंटी वाजवू नका!" असं ओरडला, दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना पाठुंगळी घेतलं, आणि सेक्रेटरींना हुकूम सोडला, "मेन कॉक बंद करा!" सेक्रेटरींना आयुष्यात कुणी हुकूम सोडला नव्हता. त्यांनी गडबडीत तो पाळला.

मग तो आईला न्यायला वर आला.

"चल आई, गॅस सुटलाय, वास बघ किती येतोय!"

"कसला वास?" आई म्हणाली. "मला तर काही येत नाही. तुमचं आपलं काहीतरीच."

वाद घालायला वेळ नव्हता. त्याने आणि काकांनी तिला खुर्चीसकट उचलून खाली आणलं. पार्किंगच्या सावलीत ती खुर्चीवर बसली, भोवती बाया जमल्या, आणि तिने त्यांना थोरल्याच्या इमारतीत गॅस कसा कधीच लीक होत नाही ते सांगितलं.

गॅस कंपनीची गाडी आली. फिटर उतरला, हातात पिवळं यंत्र. तो मजल्यामजल्यावर यंत्र नाचवत गेला, मागे सेक्रेटरी, त्यांच्यामागे धाकटा, सकाळच्या शौर्याची ऊब अजून अंगात बाळगून. यंत्र कुठंच वाजेना. शेवटी धाकट्याच्या स्वयंपाकघरात फिटर तव्यापाशी थांबला. त्यात जांभळट-काळं काहीतरी करपून बसलं होतं. फिटरने बोटाने ते जिभेला लावलं.

"हे काय?"

"मीठ," धाकटा म्हणाला.

सेक्रेटरींनी तव्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर हुकूम पाळल्याचं दुःख हळूहळू पसरत गेलं.

"म्हणजे गळती नाहीच ना?" धाकट्याने विचारलं. "मग चालू करा की गॅस."

"गळती नाही," फिटर म्हणाला. "पण गळती नाही असं लिहून द्यायचा अधिकार मला नाही. आहे असं लिहून देता येतं."

"बरं मग आहे म्हणून लिहा, आणि दुरुस्त केली म्हणून लिहा."

"जी गळती नाही ती दुरुस्त कशी करणार, साहेब? खोटं काम आपण करत नाही." आणि मेन कॉकला सील ठोकून तो प्रामाणिक माणूस निघून गेला.

अख्ख्या इमारतीच्या चुली थंड झाल्या. लोक बाहेरून जेवण मागवू लागले आणि ते घेऊन येताना मुद्दाम धाकट्याच्या दारावरून जाऊ लागले. कुणी दारातच म्हणे, "काय हो, सरबत झालं का?" एकजण म्हणाला, "आमच्याकडे अंघोळीला गरम पाणी नाही, थोडं मीठ मिळेल का?" याचा अर्थ धाकट्याला लागला नाही, पण झोंबायचं ते झोंबलंच. कंपाउंडर काका सगळ्यांना सांगत होते, "मी मंद आच म्हणालो होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गॅस कंपनीच्या कचेरीत गेला. खिडकीमागे एक बाई कागदावर कागद ठेवत होत्या. धाकट्याने घसा खाकरला. बाईंनी मान वर केली नाही. धाकट्याच्या मनात रागाआधी आदर आला. समोर माणूस उभा असताना मान खाली ठेवणं सोपं नसतं. मानेला सवय लागायला वर्षं जातात.

"साहेब जेवायला गेलेत," बाई म्हणाल्या.

"सकाळी सकाळी?"

"त्यांना लवकर भूक लागते."

हे उत्तर धाकट्याला सुचलं नव्हतं. त्याने ते मनात टिपून ठेवलं.

"बाई, आमच्याकडे गळती नव्हतीच. तेवढं सील काढायला माणूस पाठवा."

"नव्हती ना? मग कारण सांगा."

"कशाचं?"

"नसलेल्या गळतीचं. असलेल्या गळतीला कारण लागत नाही, ती असतेच. नसलेलीला लागतं."

धाकटा हळू आवाजात काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने."

"पादेलोण!" धाकटा म्हणाला. त्याच्यामागची रांग एक पाऊल मागे सरकली.

बाईंनी शांतपणे ते लिहून घेतलं, कागद समोर ओढला आणि शिक्का मारला. तो आवाज धाकट्याच्या चांगलाच ओळखीचा होता. शिक्का 'आवक'चा होता. यापुढे त्या कागदाचं काय होतं हे त्या कचेरीत बाईंच्या खालोखाल त्यालाच ठाऊक होतं. तो परत फिरला.

घरी आला तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आत सोफ्यावर थोरला. आईने त्याला फोन केला होता, त्याने गाडीतूनच कुणाला तरी फोन केला होता, त्या कुणीतरी आणखी कुणाला तरी, आणि धाकटा रांगेत उभा असतानाच गॅस सुरू झाला होता. सेक्रेटरी थोरल्याचा हात हातात घेऊन बसले होते. कंपाउंडर काका म्हणत होते, "माणूस असावा तर असा."

"अरे, मला आधी नाही का सांगायचं?" थोरला म्हणाला. "एका फोनचं काम. ये, बस." धाकटा स्वतःच्या घरात बसला.

बायकोने, दुसरं काही तयार नव्हतं म्हणून, कालच्या मिठाचं सरबत सगळ्यांपुढे ठेवलं. सेक्रेटरींनी घोट घेतला आणि त्यांना एकदम घरचं काम आठवलं. काकांना त्यांच्यामागोमाग आठवलं. थोरल्याने मात्र मोठा घोट घेतला होता. त्याचे डोळे लाल झाले, नाक वाहू लागलं, तो सोफ्याचा हात धरून उभा राहिला आणि फाटक्या आवाजात म्हणाला, "आई... हे तू प्यायलीस?"

"हो," आई म्हणाली. तिचा पेला रिकामा होता. "थोडं पाणचट आहे, पण जातं."

थोरला खोकत खोकत गाडी वळवायला खाली गेला. धाकटा आईच्या पेल्याकडे बघत राहिला. पेल्याच्या बुडाशी काळा गाळ बसला होता.

"आई," तो हळूच म्हणाला, "तुला चव लागते का गं?"

आईने पिशवीची चेन लावली. मग म्हणाली, "नाही लागत. मागं ताप आला होता ना मोठा, तेव्हापासून. वासही नाही नि चवही नाही. तोंडात घातलं की मऊ आहे की कडक, गार आहे की गरम, एवढंच कळतं."

"दादाला माहीत आहे?"

"त्याला कशाला सांगू? उगाच डॉक्टर, तपासण्या. सूनबाईची चिडचिड."

"मग दादाचं सरबत?"

"छान असतं ते."

"तुला कसं कळतं?"

"त्याच्या तोंडाकडे बघून. छान म्हटलं की फुलतो. सूनबाईही जरा बऱ्या बोलतात मग दोन दिवस."

"आणि मी एवढं मरमर मरून करत होतो, तर मला पाणचट?"

"अरे, तुला खरं सांगितलं," आई म्हणाली. तिला यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. "तिथं मला राहायचं असतं रे. इथं काय, पाहुणी मी."

खाली हॉर्न वाजला. त्याचा सूर खरंच बरा होता. धाकट्याने आईची पिशवी उचलली, दारापर्यंत नेली आणि तिथं ठेवली.

"इथंच राहा," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं भांडं क्षणभर थांबलं. आईने त्याच्याकडे पाहिलं. मग हॉलमधल्या घडीच्या पलंगाकडे, कपाटावर रचलेल्या गाद्यांकडे, न्हाणीघराच्या नीट न लागणाऱ्या कडीकडे. हॉर्न पुन्हा वाजला.

"सूनबाईला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात, आई," बायको आतून म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा अर्धी पट्टी वर होता. "बसा. चहा टाकते."

धाकट्याने बाल्कनीतून वाकून सांगितलं, "दादा, आई राहतेय." थोरल्याने "कशाला?" असं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. गाडी सफाईदार वळली आणि गेली.

तो आत आला तेव्हा आई पलंगाच्या कडेला बसली होती, पाहुणे बसतात त्याहून थोडी अवघडून.

"वारा चांगला येतो हं इथं," ती म्हणाली. पंखा बंद होता. "आणि पडदा किती छान आहे. रंग अगदी डोळ्यांना गार वाटतो."

धाकट्याने उठून पंखा लावला.

बायकोने तीन कप आणले. गॅस आल्यानंतरचा घरातला तो पहिला चहा. आईने घोट घेतला, डोळे मिटले आणि मान डोलावली. "वा! फक्कड झालाय गं चहा. असा चहा मी कित्येक दिवसांत प्यायले नव्हते."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूच्या तोंडून बायको हे पहिल्यांदा ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू फुलला. पदराने कपाळ पुसत तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याचंही मत हवं होतं तिला.

धाकट्याने घोट घेतला. गडबडीत साखर घालायची राहून गेली होती.

"फक्कड," तो म्हणाला.